तिहोमिर मिस्त्री आणि जास्तीत जास्तचा आकडा

तिहोमिर मिस्त्रींना "किती वेळ लागेल?" असं विचारणं ही सर्बियातल्या आमच्या लेस्कोवाच गावात एक करमणूक होती. ते आधी विचारायचे, "सरासरी हवा की जास्तीत जास्त?" आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकायचे, "सरासरी मी सांगत नाही. सरासरीवर मशीन चालत नाही." एकदा मी नुसतं विचारलं, कॉफी व्हायला किती वेळ आहे. त्यांनी शेगडीकडे बघितलं, भांड्यातलं पाणी बघितलं, मध्येच मालकाचा फोन आला तर काय, तेही धरलं आणि म्हणाले, "सात मिनिटं." कॉफी तीन मिनिटांत झाली.

"बघा काका, तीन!"

"मग सातच्या आतच झाली की नाही?"



आडनाव मितिच, वय अठ्ठावन्न, मिशी पांढरी, पण सिगारेटच्या बाजूनं पिवळी. गावातली मोठी कापड गिरणी चालू होती तेव्हा हे तिथे इलेक्ट्रिशियन. गिरणीच्या पॅनेलमध्ये तीनशे रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, होते आणि कुठला रिले खराब झालाय ते आपल्याला नुसत्या टकटकीवरून कळायचं, असं ते सांगतात. मी तेव्हा बालवाडीत होतो, त्यामुळे खरंखोटं मला माहीत नाही. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आणि मिस्त्री रादिसावच्या आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, कारखान्यात आले. तिथे रिलेंऐवजी एक करडा डबा होता, पावाच्या लादीएवढा. कंट्रोलर. सोबत जर्मन भाषेतलं जाडजूड पुस्तक. मिस्त्रींना जर्मन येत नव्हतं. पण पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता होता, कुठल्या आज्ञेला किती मायक्रोसेकंद लागतात त्याचा. आकड्यांना भाषा लागत नाही. तो तक्ता त्यांनी चौकटीच्या वहीत उतरवून घेतला आणि तिथून त्यांचं दुसरं आयुष्य सुरू झालं.

कंट्रोलरचं काम सोपं असतं, निदान सांगायला. सेन्सर काय म्हणतायत ते वाचायचं, विचार करायचा, मोटारींना हुकूम सोडायचे, की पुन्हा पहिल्यापासून. ज्या कामाला घाई आहे ते वेगळ्या टास्कमध्ये टाकायचं. आमची घाईची टास्क दर दहा मिलिसेकंदांनी चालायची. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग (आणि मायक्रोसेकंद त्याचाही हजारावा), तेव्हा दहा म्हणजे किती ते बघा. तेवढ्यात काम उरकलं नाही तर आत बसलेला पहारेकरी सगळं बंद पाडतो. लाल दिवा लागतो, पट्टा थांबतो, आणि मागून रादिसाव धावत येतो.

म्हणून टास्कला किती वेळ लागणार ते आधी काढावं लागतं. आमच्या वयाची पोरं काय करतात? प्रोग्रॅम लिहितात, चालू करतात, पडद्यावर वेळ बघतात, हुश्श म्हणतात. मिस्त्री वही घेऊन बसायचे. एकेक आज्ञा मोजायची. जिथे "असं असेल तर हे, नाहीतर ते" असेल तिथे दोन्हींतलं जास्त वेळखाऊ धरायचं. सगळी बेरीज करून एक आकडा लिहायचा, खाली दोन रेघा मारायच्या. अकरा वर्षांत मशीन कधी त्या आकड्याच्या वर गेलं नव्हतं. गावात कुणाला याचं कौतुक असायचं कारण नाही, पण कारखान्यात होतं. रादिसाव पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या मिस्त्रींचा आकडा म्हणजे दगड."

मी सावा. कारखान्यात पडद्याचं काम करतो, म्हणजे कामगारांसमोरच्या पडद्यावर कुठला आकडा, कुठलं बटण, कुठला दिवा दिसावा ते बनवतो. मिस्त्रींच्या भाषेत, "सावा चित्रं काढतो."

तर त्या वर्षी बरण्या भरायची नवी ओळ, म्हणजे एकापुढे एक यंत्रांची रांग, आम्ही बसवली. आधी भरणी यंत्र, त्याच्या लगेच पुढे पट्ट्यावर एक सेन्सर, ज्याला सगळे डोळा म्हणतात. मग बरण्यांवर नजर ठेवणाऱ्या चार बायकांचं टेबल, मग झाकणं लावायचं यंत्र आणि शेवटी बाहेरचा डोळा. पहिल्या डोळ्यासमोरून बरणी गेली की कंट्रोलर तिच्या नावानं यादीत एक ओळ लिहिणार. पुढे तिचं वजन, झाकण, सगळं त्या ओळीत. बाहेरच्या डोळ्यासमोर ती ठरल्या जागी आली की ओळ खोडणार. खराब बरणी असेल तर बाजूला ढकलणार. आणि यादीतल्या प्रत्येक ओळीवरून दर दहा मिलिसेकंदांनी एकदा नजर फिरवणार.

मिस्त्रींनी वही उघडली. पट्टा सहा मीटर. बरणी दहा सेंटीमीटर. म्हणजे पट्ट्यावर साठच्या वर बरण्या मावणारच नाहीत. एका ओळीला साठ मायक्रोसेकंद, साठ ओळींचे तीन पूर्णांक सहा मिलिसेकंद. बाकीचं ठरलेलं काम दोन पूर्णांक चार. एकूण सहा. दोन रेघा.

मी म्हणालो, "काका, एखादी बरणी आत गेली आणि बाहेर आलीच नाही तर?"

"कुठे जाईल? बरणीला काय पंख फुटतात?"

"पण समजा."

"समजा तर तिची ओळ खोडायची नाही. शोधत राहायचं. काच आहे बाबा. कुठे फुटून पडली असेल तर कळायला नको?"

हे मलाही पटलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ओळ चालू झाली. मंगळवारी पावणेअकराला लाल दिवा. पडद्यावर टास्कची वेळ: दहाच्या वर. मिस्त्री पॅनेलपाशी आले, पुन्हा चालू केलं, आकडा पाच पूर्णांक चार. नीट. साडेअकराला पुन्हा लाल दिवा, पुन्हा दहाच्या वर. मिस्त्री पट्ट्याशेजारी मिरच्यांचा रिकामा क्रेट उलटा टाकून बसले. तीन तास बसले. आकडा पाच पूर्णांक चार, पाच पूर्णांक पाच, फार तर सहाला टेकून परत. मग ते कोपऱ्यावरच्या बेकरीत चीज भरलेला बुरेक खायला गेले. दही संपायच्या आत माझा फोन.

"काका, थांबलं."

"कशानं?"

"तुमच्या जाण्यानं."

रादिसाव आला तेव्हा त्याच्या हातात मोबाईल होता आणि कान लाल होते. तो चाळिशीतला, मिस्त्रींना मान देऊन बोलतो, पण तो मान त्याला जड जातोय हे दिसतं.

"मिस्त्री, तुम्ही बसलात की चालतं, उठलात की थांबतं, असं हे म्हणतायत. खरंय?"

"दिसतंय तसं."

"मग मी तुम्हाला पट्ट्याला बोल्टनं फिट करू का?"

चारही बायका खाली मान घालून हसल्या. त्यांची म्होरकी ल्युबिंका, साठीची, गिरणीत मागावर होती, मिस्त्रींना तेव्हापासून ओळखणारी. ती म्हणाली, "मालक, त्येला बोल्ट लावाल तर आदी त्येच्या बायकूला इचारा."

पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. नोव्ही सादच्या एका मोठ्या दुकानसाखळीला आमचा आयवार हवा होता आणि ओळ तपासायला त्यांची बाई पुढच्या शुक्रवारी येणार होती. त्यांच्या कागदात एक रकाना होता: खराब बरण्या बाजूला काढणाऱ्या टास्कला लागणारा कमाल वेळ, जबाबदार व्यक्तीची सही. आणि ओळ आठ तास त्या आकड्याच्या आत, न थांबता चालून दाखवायची.

रादिसाव मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाला, पण मला ऐकू आलं, "शुक्रवारी जमलं नाही तर बेलग्रेडची कंपनी येईल मिस्त्री. प्रोग्रॅम त्यांच्याकडे जाईल. तुम्हाला काढणार नाही मी. पॅनेलच्या तारा जोडायला माणूस लागतोच."

तारा मिस्त्री चाळीस वर्षांपूर्वी जोडायचे.

मग आमच्या डोक्याचा जो भुगा झाला तो काय सांगू. मिस्त्रींनी पॅनेलमधलं तापमान मोजलं. ठीक. शेजारी मिरच्या भाजायच्या भट्ट्या चालू झाल्या की विजेचा दाब पडत असेल म्हणून दाब मोजला. ठीक. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"तुझी चित्रं कंट्रोलरला सारखी काही ना काही विचारत असतात. त्यात वेळ जात असेल."

"काका, माझी चित्रं गरीब आहेत हो."

"काढ वायर."

मी पडद्याची वायर काढली. चाळीस मिनिटांनी ओळ थांबली. आता फरक इतकाच की आकडा किती झाला होता तेही कुणाला दिसलं नाही.

गुरुवारी मला एक सुचलं आणि ते नेमकं गोंधळ वाढवणारं निघालं. टास्कच्या वेळेचा आलेख मी पडद्यावर काढायला लावला. मिस्त्री बसलेले असताना ती सरळ रेघ, थोडी थरथरणारी. मिस्त्री उठले की जिना. एक पायरी, थोडं सपाट, एक पायरी. चढायचा जिना, उतरायचा नाही. दहावर पोचला की लाल दिवा, आणि पुन्हा चालू केलं की यादी पुसली जाते म्हणून परत खालून सुरू.

मिस्त्रींनी चष्मा काढून पडद्याला नाक लावलं. "पायरी केवढी?"

"साठ मायक्रोसेकंद."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"म्हणजे यादीतली एक ओळ. बरणी आत जातीय आणि बाहेर येत नाहीये." ते सरळ झाले. "सावा, कोणीतरी बरण्या पळवतंय."

मला वाटलं लागला शोध. आम्ही दोघांनी शुक्रवारी सकाळपासून पट्ट्यापासून लांब, गोदामात बसून मोजणी केली. भरणी यंत्रानं भरल्या दोन हजार. बाहेर खोक्यांत गेल्या दोन हजार. हातानं मोजल्या, दोनदा. एकही बरणी गेली नव्हती. आणि पहिल्या डोळ्यानं मोजल्या होत्या दोन हजार एकशे त्रेचाळीस.

"म्हणजे बरण्या चोरीला जात नाहीयेत," मी म्हणालो, "वाढतायत."

"मूर्खासारखं बोलू नको."

"मी नाही, डोळा बोलतोय."

डोळा बदलला. नवा डोळाही तेच बोलला. मिस्त्री शेजारी असले की खरं बोलायचा, गेले की फुगवून सांगायचा. मिस्त्री त्या दिवशी घरी जाताना वही पॅनेलवरच विसरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, वही द्यायला. सप्टेंबरातला रविवार, म्हणजे आख्ख्या गल्लीच्या अंगणात चुली पेटलेल्या, मिरच्या भाजून सोलून झालेल्या, मोठमोठ्या कढयांत आयवार रटरटत असलेला. मिस्त्रींची बायको स्टानिया बरण्या भरत होती. मला म्हणाली, "आलास बरं झालं. हा माणूस तीन दिवस माझ्याशी बोलत नाहीये, तू तरी पळी धर."

मिस्त्रींचं काम ठरलेलं. भरलेली बरणी उचलायची, दुमडलेल्या फडक्यावर दोनदा आपटायची, म्हणजे आत अडकलेली हवा वर येते, आणि पुढे ठेवायची. हे सगळ्या घरांत असंच चालतं. मी लहानपणापासून बरण्या आपटत आलोय. मिस्त्रीही मुकाट्यानं आपटत होते, नजर कुठेतरी तिसरीकडे. स्टानिया टेबलाच्या कडेवरून बरणी सरकली की मोठ्यानं आकडा म्हणायची. "अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळीस." मग थांबली. "अहो, रिकाम्या बरण्या मी चाळीसच धुतल्या होत्या."

"मग?"

"मग एक्केचाळीस कुठून झाल्या? कुठे ठेवताय तुम्ही आपटून?"

मिस्त्रींनी हातातल्या बरणीकडे बघितलं. पुढच्या बाजूला बरण्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, जागा नव्हती, म्हणून मघाशी त्यांनी एक मागे ठेवली होती. स्टानियाच्या हाताच्या मागे. तिथून ती पुन्हा सरकली आणि पुन्हा मोजली गेली.

"स्टानिया," मिस्त्री म्हणाले, "परत म्हण."

"काय परत म्हण? म्हातारं झालं हो हे माणूस! मोजलेली बरणी परत मोजायला देतंय!"

मिस्त्रींनी तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. तिच्या हातात भरली पळी होती. माझा शर्ट अजून तसाच लाल आहे.

सोमवारी सकाळी ते सरळ ल्युबिंकाच्या टेबलापाशी गेले. मी मागे.

"ल्युबिंका, बरण्या आपटता का गं तुम्ही?"

चारही बायका एकदम झाकणं पुसायला लागल्या. रादिसावनं त्या ओळीत हवा काढायला थरथरणारी पाटी बसवली होती, चांगली महागाची, आणि बरण्यांना कुणी हात लावायचा नाही असं बजावलं होतं. हात लावताना दिसेल तिला घरी पाठवीन म्हणाला होता.

"कोन म्हनतंय?" ल्युबिंका.

"डोळा म्हणतोय."

तिनं फडकं टेबलावर टाकलं. "ती पाटी नुसती गुदगुल्या करती रं तिहो. हवा तशीच ऱ्हाती. जिच्यात बुडबुडा दिसंल तेवढीच उचलतो आमी. बुरशी धरली तर नाव कुनाचं जाईल, पाटीचं?"

"आणि मी बसलेला असताना?"

"तू मालकाचा मानूस. तुज्यासमोर कसं आपटनार?"

"आपटून झाली की कुठे ठेवता?"

"म्होरं जागा हाय का? झाकनाच्या तोंडाला रांग लागलेली असती. मागं ठेवतो, मोकळ्यात."

मोकळ्यात, म्हणजे डोळ्याच्या अलीकडे. झालं. बरणी पुन्हा डोळ्यासमोरून जायची, नवी ओळ लिहिली जायची, आणि जुनी ओळ बिचारी आपल्या बरणीची वाट बघत राहायची. मिस्त्रींनीच तिला सांगितलं होतं ना, शोधत राहायचं.

"मालकाला सांगशील?" ल्युबिंकानं विचारलं. आता ती हसत नव्हती.

"मला फक्त एवढं सांग, एक बरणी उचलून आपटून ठेवायला तुला किती वेळ लागतो."

"ऑं?"

"जास्तीत जास्त किती वेगानं आपटशील?"

ल्युबिंका माझ्याकडे वळली. "सावा, ह्येचं डोस्कं ठीक हाय ना?"

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. मिस्त्रींनी घड्याळ काढलं आणि चौघींची वेळ घेतली. एक बाई आठ सेकंद, दुसरी सात, तिसरी बोलत बोलत अकरा. ल्युबिंका पाच. मिस्त्रींनी चौघींसाठी पाच धरलं. वहीत नवं पान. हरवलेल्या बरणीची वाट आता एक मिनिट बघायची. तेवढ्यात बरणी पट्ट्याच्या शेवटी पोचायलाच हवी. नाही पोचली तर ओळ खोडायची आणि पडद्यावर हरवलेल्यांचा आकडा एकानं वाढवायचा. चार बायका, प्रत्येकी मिनिटाला बारा बरण्या, अठ्ठेचाळीस फसव्या ओळी. त्यात खऱ्या साठ. एकशे आठ. आठ पूर्णांक नऊ मिलिसेकंद. दोन रेघा.

"काका, या कुठे मिनिटाला बारा आपटणार? दिवसभरात शंभर-दोनशे आपटतील."

"आपटू शकतात ना?"

"शकतात."

"झालं तर."

मंगळवारपासून ओळ थांबली नाही. मिस्त्री बुरेक खाऊन आले, दोनदा. रादिसाव खूश. काय झालं होतं असं त्यानं विचारलं, मिस्त्री म्हणाले "यादीत घोळ होता," आणि ते खोटंही नव्हतं.

शुक्रवारी नोव्ही सादच्या रुझिच बाई आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. कॉफी नको म्हणाल्या, तिथेच रादिसाव घाबरला. पडद्यासमोर खुर्ची घेऊन बसल्या आणि आठ तास खरोखरच बसल्या. रादिसावही पट्ट्याशेजारी उभा, त्यामुळे चारही बायका देवळातल्यासारख्या, हात पोटावर. एकही बरणी कुणी उचलली नाही. आकडा पाच पूर्णांक चार. पाच पूर्णांक पाच. दिवसभर तेच.

संध्याकाळी बाईंनी मिस्त्रींचा कागद उघडला.

"मितिच साहेब, इथे आठ पूर्णांक नऊ लिहिलंय."

"हो."

"मी आठ तासांत सहाच्या वर काही पाहिलं नाही."

"आत आहे ना मग."

"आत आहे, पण कुठून आला हा आकडा? एकतर तुम्हाला तुमचा प्रोग्रॅम कळलेला नाही, किंवा यात असं काही होतं जे मला आज दिसलं नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी मी सही करू शकत नाही."

रादिसाव मध्ये पडला. "बाई, तो जुना कागद असेल. मिस्त्री, तुमचा पहिला सहाचा होता ना? तोच द्या की. सहा लिहा आणि मोकळे व्हा!"

आणि गंमत अशी की ते खरंच तेवढं सोपं होतं. सहाचा कागद वहीत होता, दोन रेघांसकट. बाईंनी लगेच सही केली असती. मिस्त्रींचं काम राहिलं असतं, ल्युबिंकाचंही. सोमवारपासून बायका पुन्हा आपटायला लागल्या असत्या, आकडा सहाच्या वर गेला असता, पण दहाच्या खालीच राहिला असता. कुणाला कळणार होतं? मी डोळ्यांनी मिस्त्रींना सांगत होतो, लिहा काका, लिहा ना.

मिस्त्रींची मान लाल झाली होती. "सहा नाहीये," ते म्हणाले.

"मग काय आहे?" बाई.

मिस्त्रींनी वही मिटली.

"समजावून सांगा ना."

कसं सांगणार? सांगितलं तर चार बायका घरी. रादिसाव कधी त्यांच्याकडे, कधी बाईंकडे बघत होता. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, आणि ते लावल्याचा टिक आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मग दुसरा आवाज आला. धप, धप.

ल्युबिंकानं बरणी उचलली होती आणि दुमडलेल्या फडक्यावर आपटली होती. तिनं ती डोळ्याच्या अलीकडे ठेवली आणि दुसरी उचलली.

"ल्युबिंका!" रादिसाव ओरडला. "काय चाललंय?"

"हवा काढतीय."

"मी सांगितलं होतं ना..."

"सांगितलं व्हतं. घरी आई बी तुमची असंच आपटती मालक, ती बी ऐकत न्हाई." आणि उरलेल्या तिघींना म्हणाली, "बगत काय बसलाय गं? तिहोला नंबर पायजे."

धप, धप, धप, धप. चारही. मागावर असल्यासारखे हात चालायला लागले. पडद्यावर सहा. सहा पूर्णांक चार. सात. बाई खुर्चीवरून उठून पडद्यापाशी आल्या, मग टेबलापाशी गेल्या, मग परत पडद्यापाशी. त्यांना काही कळेना हे बघून मला एकदम बरं वाटलं. आठवडाभर ते काम मी एकटाच करत होतो. मिस्त्रींनी त्यांना वही दाखवली, हळूहळू, एकेक ओळ. चार बायका. पाच सेकंद. एक मिनिट. साठ अधिक अठ्ठेचाळीस.

"तुम्ही यांच्या हातांची वेळ घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"टास्कचाच भाग आहे ना ते."

आठ पूर्णांक तीन. आठ पूर्णांक सहा. आठ पूर्णांक सात. तिथे आकडा थांबला आणि वर जाईना. बायकांना घाम फुटला होता. पट्टा चालूच होता.

"पुरे, पुरे," बाई म्हणाल्या. त्यांनी एक बरणी उचलून दिव्यासमोर धरली, एक न आपटलेली उचलली, शेजारी धरली. दोन्हींत बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "पाचवी बाई आली तर?"

"नऊ पूर्णांक सहा," मिस्त्रींनी वहीत न बघता सांगितलं. "सहावी आली तर थांबेल."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. रकान्यात आठ पूर्णांक नऊ तसंच ठेवलं आणि खाली अटींच्या जागी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: हाताने बरण्या आपटणाऱ्या व्यक्ती, एका वेळी कमाल चार. मग मिस्त्रींपुढे कागद सरकवला. त्यांनी सही केली, मग बाईंनी, मग रादिसावला करावीच लागली.

"म्हणजे आता," रादिसाव कागद दोनदा वाचून म्हणाला, "यांना आपटू द्यायचं असं लिहिलंय का यात?"

"चौघींना," बाई म्हणाल्या.

"आणि माझी पाटी?"

बाई कॉफी घेते म्हणाल्या.

मी मिस्त्रींचं अभिनंदन करायला गेलो तर ते तिथे नव्हतेच. ते ल्युबिंकाच्या टेबलापाशी वही उघडून उभे होते, कपाळाला आठ्या.

"आठ पूर्णांक सात झालं. आठ पूर्णांक नऊ व्हायला हवं होतं. तीनेक बरण्या कमी पडल्या. कोण हळू आपटत होतं?"

"तिहो," ल्युबिंका मनगट चोळत म्हणाली, "तुजी सही झाली ना रं? आता घरी जा."

"हो, पण कोण?"